तिखट तेवढं कळतं

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा मसाला पोचला. हॉटेलातली गिऱ्हाइकं गेली की आम्ही स्वयंपाकी एकत्र जेवतो, तेव्हा मोठ्या कौतुकाने वाढला. ही मंडळी तिखटाला भिणारी नव्हेत. एकाच्या देशात मिरी जीभ बधिर करते, दुसऱ्याकडे कसल्याशा झाडाच्या मुळाची चटणी थेट नाकात चढते, मुख्य आचारी तर धुरावलेल्या मिरच्या चॉकलेटात घालतो. तरी सगळे रडले! मुख्याने विचारलं, बहीण रागावली आहे का तुझ्यावर?

हसलो, पण खरं सांगू? पूर्वी पुडा उघडला की आधी धने भेटायचे, तिखट मागून यायचं. या वेळी धने करपलेत. असला मसाला तू घराबाहेर जाऊ दिला नसतास. कुणाकडून करून घेतलास का? दाजी गेल्यापासून एकटी आहेस, फोनवर ‘मजेत’ यापलीकडे बोलत नाहीस. म्हणून लिहितोय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रडवलं तर रडवलं. लहानपणी तू मला काय कमी रडवलंस?

मसाला मीच केला. करपल्याचं कळलं नाही. हिवाळ्यातल्या तापानंतर मला वास येईनासा झाला, मागोमाग चवही गेली. डॉक्टर म्हणतात, येईलही, नाहीतर नाही. तिखट तेवढं कळतं, कारण ती चव नव्हे, झोंबणं असतं म्हणे. कामावर, कँटीनच्या स्वयंपाकातही मला जाणवेपर्यंत तिखट घालते आणि ताटं तशीच परत येतात. मॅनेजरसाहेब म्हणाले, असंच चाललं तर दुसरी बाई बघावी लागेल. खरं सांगितलं तर घरीच बसवतील. या घरात दिवसभर बसून काय करू? भिंतींशी गप्पा मारू?

रात्री भाताबरोबर मिरची चावते. डोळ्यांत पाणी आलं की कळतं, आपण जेवतोय.

फोनवर विषय काढू नकोस, मला रडू फुटेल.
तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र खिशात घेऊन कांदे चिरले, म्हणून डोळ्यांबद्दल कुणी काही विचारलं नाही.

साहेबांना सांगच. उद्या नासलेलं कळलं नाही, तर जेवणाऱ्यांचं काय? शेजारच्या काकूंनाही सांग, गॅसचा वास घ्यायला रोज डोकावू देत. नाहीतर इकडे ये. खोली एकच आहे, पण भांडायला पुरेशी.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा धाकटा

१८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सांगितलं. साहेब म्हणाले, आधी का नाही बोललात? शेगडी काढून घेतली, नोकरी नाही घेतली. आता भाज्या निवडते, चिरते. नवी बाई चांगली आहे. परवा सवयीने माझ्यापुढे चमचा धरून मीठ विचारलं आणि बिचारी ओशाळली. मीच तिला हसवलं. ताटं रिकामी येतात आता. बरं वाटतं, आणि वाटतही नाही.

काकू येतात, गॅस हुंगतात, चहा पिऊन जातात. मग मात्र घर फार मोठं होतं. तरी तुझ्याकडे आत्ता नको. कामावर जायला मिळतंय तोवर जाते.

एक कर. पत्रात हवापाणी, तब्येत कमी लिही. काय जेवलास आणि ते कसं लागलं, ते सावकाश, नीट लिही. मी ताट वाढून घेईन आणि वाचत वाचत जेवीन.

वाट पाहते.
तुझी ताई