चपला हातातच

रविवार संध्याकाळ, परतवाडा

आज सायकलवरून उतरलो. पाच दिवस शाळेच्या मैदानात नुसता गोल गोल फिरलो. पाय जमिनीला लावायचा नाही, जेवण-आंघोळसुद्धा चालत्या सायकलवर. बघायला येणाऱ्यांनी टाकलेले सगळे पैसे कमलाबाईच्या शिलाई मशीनसाठी. तिचा नवरा गेला, आणि यंदा कोणाच्या वावरात मजुरीही नाही.

मशीन मिळाली. मग मला बरं का वाटत नाही? डोळ्यांसमोर तिच्या चपला येतात. रोज भर दुपारी ती भाकर घेऊन यायची, मैदानाच्या कडेला चपला काढायची आणि सायकलीसोबत पळत पळत मला घास द्यायची.

मी ओरडायचो, "बाई, चपला घाला! पाय भाजून राहिले ना तुमचे!"

"तुमी माह्यासाठी तपाले बसले, भाऊ. इथं चपला घालून कशी येऊ?"

कसलं तप? पेपरात फोटो यावा, हेही मनात होतंच की.

आज समारोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माइकवर म्हणाले, "पाच दिवस यांचा पाय जमिनीला लागला नाही!" बसवत नव्हतं, म्हणून टाळ्या उभ्यानेच घेतल्या. मग मशीन घ्यायला ती स्टेजवर आली, टाचांवर चालत. तळपायांना फोड आलेले. चपला हातातच.