ओहोटीतला माणूस

शुक्रवार, ५ डिसेंबर
पोचलो एकदाचे. पहाटे डोंबिवली सोडली, आशागडला चहा-वडा झाला आणि दहाच्या आत डहाणू. भाड्याने घेतलेली ही कॅम्पर गाडी म्हणजे चाकांवरची वन-रूम-किचनच आहे. दोन पलंग, शेगडी, हाताएवढं बेसिन. आमच्या लेकीने, रियाने, आल्याआल्या वरचा पलंग बळकावला. मनिषच्या ऑफिसातल्या धनेशची इथे चिकूची वाडी आहे, तिच्या टोकाला गाडी लावलीय. पुढे सुरूची झाडं, मग समुद्र. डावीकडे कोळीवाडा, काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. वासाने रियाने नाक धरलं, अर्ध्या तासात विसरलीही. सुट्टी काढून वाडीवरच आलेल्या धनेशने टोपलीभर चिकू आणि नीरा पाठवली. पाच दिवस इथे राहायचं, मग उधव्याला त्याच्या शेतावर. लग्नानंतर पहिल्यांदा इतका निवांत वेळ मिळालाय. रोज लिहिणार आहे.

शनिवार, ६ डिसेंबर
सकाळी उठून बघते तर समुद्र गायब. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं हे ऐकलं होतं, पाहिलं आज. नजर पोचेल तिथवर ओली वाळू, आणि खूप लांब एक माणूस. एकटाच, हात हलवत होता. मनिषनेही गंमत म्हणून हात हलवला आणि बघून येतो म्हणत चालायला लागला. जाता जाता ठिपक्याएवढा झाला.

पाऊण तासाने परतला. तिकडे कोणीच नव्हतं म्हणाला. मला तर माणूस दिसत होता, पण आता एकाऐवजी दोन वाटत होते. उन्हाने डोळे दिपले असतील. एवढे आवडते तळलेले बोंबील, पण मनिषने औषध घेतल्यासारखे गिळले.

रविवार, ७ डिसेंबर
सकाळी मनिषने गाडीच्या टपावरून खुर्च्या उतरवल्या. दोन्ही हात वर करून. तीन वर्षांपूर्वी बाइकवरून पडल्यापासून त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. मी विचारलं तर नुसता हसला.

पाणी उतरल्यावर रियाची दुर्बीण घेऊन पाहिलं. दोघं आहेत. एक म्हातारा. दुसऱ्याच्या अंगात निळा टी-शर्ट, मनिषचा कालचा. तोच टी-शर्ट आत्ता आमच्या दोरीवर वाळतोय. तो एकच हात हलवतो, उजवा. डावा छातीशी धरलेला.

किनाऱ्यावर कोळीवाड्यातल्या आनंदीबाई उभ्या होत्या. कालही तिथेच उभ्या होत्या. तुझ्या माणसाने हात हलवला का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी लांबच्या त्या दोघांकडे बोट केलं.

"तो म्हातारा माझा नवरा, सदू," मग म्हणाल्या. "बारा वर्षं झाली, बाय. घरात जो आहे तो जाळी विणतो, जेवतो, मला हाक मारतो. पण तो सदू नाही."

भरती येते तेव्हा त्यांचं काय होतं, मी विचारलं.

"पाणी वरून जातं. उतरलं की परत उभे."

मी काय करू विचारलं, तर म्हणाल्या, रोज येऊन बघायचं. हात मात्र वर करायचा नाही.

सोमवार, ८ डिसेंबर
गाडीची चावी त्याच्याकडे आहे. आज निघू या म्हटलं, तर घाई काय म्हणाला. रियाला घेऊन वाडीत जाणार होते, ती झोपली होती. एकटीच धावत गेले. धनेशला सगळं सांगितलं. त्याने फोन लावला, मनिषशी दोन मिनिटं हसून बोलला आणि मला म्हणाला, वहिनी, नीट आहे की तो, तुम्ही जरा आराम करा.

परत आले तर पलंग रिकामा. ती दोघं वाळूतून येत होती, हात धरून. रियाचे पाय कोरडे. तिने मला मिठी मारली. तिच्या केसांना रोजचा वास नाही —

दुर्बिणीत तिघं. तिसरी लहान.

पोलिसांना फोन केला. हरवलंय कोण, विचारलं. काय सांगू. दोघंही समोर बसून चिकू खात होती.

मंगळवार, ९ डिसेंबर
ती पायरीवर बसून माझ्याकडे बघते. पापणी हलत नाही.

पाणी उतरलं. रिया तिकडे दोन्ही हात वर करून उभी. कडेवर घे म्हणते तशी. इतक्या लांबून आवाज येत नाही, पण तोंड दिसतं. आई म्हणतेय —

आनंदीबाईंनी माझं मनगट धरून ठेवलंय. एका हाताने लिहितेय. त्यांचा हात सोडवला तर —

सोडवला. हात वर केला.

*

वही ओढणीत बांधून आणली. रिया कुशीत आहे, बर्फासारखी गार. मनिष माफ कर म्हणतो, सारखं तेच. सदूकाका काही बोलत नाहीत.

परत चालतोय. किती वेळ झाला. किनारा तेवढाच लांब —

सुरूखाली गाडी दिसते. दारात एक बाई मुलीची वेणी घालतेय. माझा पिवळा कुर्ता.

पाणी घोट्याला. रियाला मनिषच्या खांद्यावर —

आनंदीबाई बघतायत. मी हात हलवतेय, त्या मात्र दोन्ही हात पदरात —

गुडघ्या