हॉलंडमार्गे बंगाली

१६ मे १९७२, नेवासे
टपालात पाकीट आलं. तिकीट बांगलादेशाचं. पत्ता चिरंजीवाच्या अक्षरात — निदान तसं वाटलं. नीट पाहिलं तर कुणीतरी त्याचं अक्षर समोर ठेवून चित्र काढावं तसं उतरवलेलं. आत दोन कागद, दोन्ही बंगालीत.

पोस्टमास्तर खिडकी सोडून बाहेर आले. "काय म्हणतंय?" म्हटलं, बंगाली आहे. "मग तुम्हाला संस्कृत येतं ना, आप्पासाहेब?" जणू संस्कृत म्हणजे गावातल्या सगळ्या कुलपांची किल्ली.

घरी त्याच्या आईने, छबूने, हातातलं पीठ न झटकताच विचारलं, "त्याचं हाय का?"
"त्याच्याबद्दल असावं. मला वाचता येत नाही."
"बरं," म्हणाली आणि पुन्हा मळायला बसली. पत्र पंचांगात ठेवलं.

१७ मे
डिसेंबरातली बातमी मीच धाडली होती. 'नेवासे, आमच्या वार्ताहराकडून — येथील एक जवान पूर्व आघाडीवर बेपत्ता.' एकंदर चार ओळी. वार्ताहराचा जवानाशी संबंध काय, ते त्यांत नव्हतं. संपादकांनी तीन केल्या. बरोबरच केलं, चौथी फाजील होती.

पुढे लष्कराचे दोन कागद आले. शब्द तोच, बेपत्ता.

नगरच्या छावणीत बंगाली शिपाई आहेत. सकाळच्या एस.टी.ने गेलो तर दुपारपर्यंत पत्र वाचून होईल. उद्या जाईन.

२३ मे
गेलो नाही.

२९ मे
पंचांग उघडलं. पाकिटावर हळदीचं बोट उमटलेलं. छबूला अक्षर येत नाही, पण कागद हातात धरते वाटतं. पाकीट पुन्हा आत ठेवलं. ऊन फार.

२ जून
बोअरची बातमी घ्यायला नदीपलीकडच्या मिशनमध्ये गेलो. तिथले फादर हेन्ड्रिक हॉलंडचे. त्यांच्या देशात पाणी बाहेर काढून टाकण्यात जन्म जातो, म्हणून देवाने त्यांना आमच्याकडे पाणी शोधायला धाडलं असावं. छबू डोळ्यांच्या औषधाला तिथल्याच दवाखान्यात जाते.

बोलता बोलता म्हणाले, इकडे येण्याआधी चार वर्षं बंगालमध्ये होते, शेवटचे सहा महिने निर्वासितांच्या छावणीत. बंगाली लिहिता-वाचता येतं.

पत्र खिशात होतं. काढलं नाही. म्हटलं, "दिवाळी अंकासाठी भाषांवर लेख लिहायचा आहे. बंगाली शिकवाल का?"

फादर माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "अवश्य. आपण दर शुक्रवारी यावे." यांचं मराठी बायबलमधून आलेलं, त्यामुळे साध्या गोष्टीलाही शास्त्रवचनाचा थाट.

९ जून
पहिला पाठ. बंगाली अक्षरं देवनागरीचीच चुलत भावंडं, फक्त कोपरे जास्त. 'अ'चा उच्चार 'ऑ' करतात, तोंडात गरम बटाटा असल्यासारखा. 'व' नाहीच, सगळा 'ब'. 'लक्ष्मी' लिहायचं आणि 'लोख्खी' म्हणायचं. आमच्या मठात संस्कृत शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांनी ऐकलं असतं तर छडी मोडली असती.

२३ जून
गेल्या शुक्रवारपासून फादरांना नवाच छंद. बंगालीचं एक अक्षर शिकवतात आणि लगेच हॉलंडला जातात. आज तासभर डच भाषेचा 'ग' चालला होता. तो घशाच्या तळातून खाकरून काढतात. म्हटलं, "फादर, सर्दी झाली की बोलायला सोपं जात असेल." हसले. पुन्हा खाकरले.

पाठ अर्ध्या पानावर अडला. मला घाई नाही.

७ जुलै
पाऊस नाही. बातम्या सगळ्या त्याच.

१४ जुलै
बंगालीत लिंग नाही. तो, ती, ते — सगळ्यांना 'से'. क्रियापदही सांगत नाही बाई की बाप्या. डचमध्ये दोन लिंगं, पण कुठल्या शब्दाला कुठलं ते पाठच करावं लागतं. आपल्याकडे तीन, आणि खुर्चीसुद्धा स्त्री.

मानही मोजला. बंगाली माणसाला तीन पायऱ्या, आपल्या तू-तुम्ही-आपणसारख्याच. डचांना दोन. फादर म्हणाले, "आम्ही देवासही आदराने बोलतो." म्हटलं, आम्ही देवाला अरे-तुरे करतो. "मग तो रागावत नाही?" म्हटलं, यंदा रागावलेला दिसतोय.

घरी येऊन पत्रातली पहिली ओळ लावली. 'आपनार छेले.' आपला मुलगा. म्हणजे आपण म्हणजे मी. कागद घडी करून ठेवला.

२८ जुलै
डच भाषेत नावाला 'नाम' म्हणतात. उच्चार अगदी तोच, 'ना' लांब. बंगालीतही नाम. संस्कृतात तर आहेच. हॉलंड ते बंगाल एवढ्या अंतरात भावाभावांनी सगळं वाटून घेतलं, मोडलं, बदललं. हे एक भांडं तसंच राहिलं. फादरांना एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतः चहा केला. वाईट होता.

११ ऑगस्ट
आज लेखात खरोखर घालण्यासारखं सापडलं. इंग्रज 'नाही' आधी सांगून मोकळा होतो. डच माणूस साध्या वाक्यात 'मी पाहतो त्याला' असं सगळं बोलून मग शेवटी 'नाही' ठेवतो. बंगालीही शेवटी ठेवतो. आपणही. वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याला आशा.

फादर म्हणाले, "आमच्या लांब वाक्यात तर मुख्य क्रियापदही अगदी शेवटी." म्हटलं, बंगालीचं तर प्रत्येक वाक्यात. त्यावर ते उगाच कपाटात काहीतरी शोधू लागले.

२५ ऑगस्ट
मठात शिकवलं होतं — वाक्य लावताना आधी क्रियापद शोध. मग त्याला विचार, कोण? काय? कुठे? सात वर्षं हेच केलं. शेतकऱ्याचं पोर असून इतर कुणाहून लवकर श्लोक लावायचो.

हे पत्र मी उलटं लावतोय. नामं तेवढी घेतली आहेत. आमचं अंगण. तीन दिवस. जल. पुन्हा जल. आई. एक कागद या रीतीने संपला. क्रियापदाला हात लावलेला नाही.

छबू दिव्याची काच पुसत होती. "कुठवर आलं?"
"पहिला कागद झाला."
"चांगलं हाय का त्यांचं अक्षर?"
"चांगलं आहे. बाईचं दिसतं."
"व्हय," म्हणाली. "बाईचंच आसंल."

८ सप्टेंबर
फादरांना आज स्पष्टच विचारलं, "तीन महिन्यांत एक बालवाचन संपत नाही. तुमच्याकडे सगळेच असे शिकवतात का?"
म्हणाले, "आपला लेख दिवाळीस हवा ना? दिवाळी नोव्हेंबरात आहे."
माणूस खोटं बोलत नाही, पण सगळं बोलतो असंही नाही.

२२ सप्टेंबर
आज फादरांनी डच पोरांचं एक गाणं म्हणून दाखवलं. बंगाली शून्य.

२८ सप्टेंबर
छबूने विचारलं, "आवसंच्या आदला दिस कोन्ता?"
"शुक्रवार. का?"
"तांदूळ मिळत्यात का बघायचं हाय."
हल्ली तांदूळ असा तिथी बघून मिळत असेलही. या दुष्काळात काही सांगता येत नाही. लेख मात्र अकरा पानं झाला. संपादकांना पाठवला तर चार ठेवतील.

५ ऑक्टोबर
दुसऱ्या कागदाची शेवटची दोन वाक्यं उरली. आता अक्षरं अडत नाहीत. डोळा आपोआप ओळीच्या शेवटाकडे जातो, म्हणून हाताने शेवट झाकून वाचतो. नदीकाठ. लाकडं. गावची माणसं. आमचा मोठा मुलगा. त्याच्या हातून.

हात उचलला नाही. उद्या शुक्रवार, फादरांकडे जायचं आहे. परत आल्यावर पाहू.

६ ऑक्टोबर. भाद्रपद वद्य चतुर्दशी
सकाळी चुलीवर खीर. वडे तळून झालेले. आईअण्णांचं श्राद्ध तर अष्टमीला केलं. विचारलं, "हे पान कुणाचं?"

छबूने वर पाहिलं नाही. "आज हत्यारानं गेलेल्यांची चौदस न्हवं का."

मी दारातच.

"उन्हाळ्यातच फादरकडनं वाचून घेतलं मी. मंग तुमी शिकाय लागला. त्यास्नी म्हनलं, हळूहळू शिकवा त्यांना. घाई न्हाई आमाला."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, बापाने मुलाचं करू नये असं शास्त्र आहे.

"ऱ्हाऊ द्या शास्त्र. माज्यानं जेवढं हुतं तेवढं क्येलं. मंतर मला येत न्हाईत, तुमाला येत्यात. बसा."

पाट मांडलेला होता. तीळ, दर्भ, तांब्या. पोथीत नावाच्या जागी 'अमुक' छापलेलं असतं. मठात असताना लोकांचे अमुक मी पुष्कळ भरले.

गहिनीनाथ, म्हटलं.