खाली न बघणारा काटा

नेर, दि. ३ नोव्हेंबर २००६

चि. धम्मरत्न यास सप्रेम जय भीम.

तुझ्या पुण्यात थंडी पडली असेल. इथे क्लासातली टायपिंग मशीनं खडखडत आहेत, आणि तुझी आत्याही. कापसाचं यंदाही काही खरं नाही, म्हणून घरोघरच्या मुली टायपिंगला लागल्या. त्यातच उकंडाभाऊंची लेक उर्वशी. तहसिलीत कारकुनाची जागा निघणार म्हणतात, पण आधी टायपिंगचं सर्टिफिकेट पाहिजे. परीक्षा डिसेंबरात. ही हुकली तर तिचं लग्न उरकायचं, असं घरी ठरलं आहे.

उतारा टाइप करताना मुलींना वेळ दिसावी म्हणून मी पुस्तकात बघबघून कम्प्युटरवर मोठ्ठं घड्याळ केलं. एक सेकंद थांबायचं, काटा सहा अंश सरकवायचा, पुन्हा थांबायचं. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचा स्पीड वाढला! मी खुशीत चिवडा वाटला. मग एकदा मनगटी घड्याळाकडे नजर गेली, तर पडद्यावरचा काटा मागे. भाजीत मीठ कमी करावं तसं मी थांबणं थोडं कमी केलं. आता सकाळी काटा पुढे पळतो, दुपारी रेंगाळतो. चिवडा तर पोटात गेला बाप्पा. हे काहून होते, ते लवकर कळव.

लोभ आहेच, पुण्याच्या पाण्यानं तो पातळ होऊ देऊ नको.

तुझी इंदूआत्या


पुणे, दि. ९ नोव्हेंबर २००६

ती. आत्याबाईस सविनय जय भीम.

पत्र वाचून ऑफिसात एकटाच हसलो. आत्या, तू काट्यालाही टायपिंगच शिकवलंस. खाली बघायचं नाही, ताल धरायचा! आम्हां भावंडांच्या बोटांवर पट्टी मारून तू हेच सांगायचीस. पण काट्यानं बघितलंच पाहिजे.

तुझा कम्प्युटर सेकंद संपल्याची हाक ऐकतो, पण हातात दुसरं काम असलं की थोडं उशिरा. मग काटा पुसायचा, नवा काढायचा, त्यातही वेळ जातो. पुढचा सेकंद तू त्या उशिरापासून मोजतेस. असा उशिरावर उशीर साचतो. मीठ कमीजास्त करून हे सुधरत नाही, कारण कम्प्युटरवरचं ओझं रोज वेगळं.

तेव्हा काटा पुढे ढकलूच नको. उतारा सुरू झाल्याची वेळ धरून ठेव. दर खेपेला कम्प्युटरच्या घड्याळाला विचार, किती सेकंद झाले? त्याला सहानं गुण आणि काटा थेट तिथे काढ. एखादी हाक उशिरा आली तरी काटा आपल्या जागीच दिसेल. विचारणंही सेकंदातून बरेचदा कर, म्हणजे तो झटके न देता फिरेल.

मुलींचा वाढलेला स्पीड मात्र उतरेल. ते त्यांना आधीच सांग.

माया ठेव, पट्टी मात्र दूर ठेव.

तुझा धम्मरत्न


नेर, दि. १८ नोव्हेंबर २००६

चि. धम्मरत्न यास सप्रेम जय भीम.

शाबास लेका! काटा आता मनगटी घड्याळाच्या मांडीला मांडी लावून चालतो. मुलींना सगळं सांगितलं. माझं घड्याळ हळू होतं, तुमचा स्पीड फुगलेला होता. वेळ संपली तेव्हा उर्वशीचा उतारा दोन ओळी अलीकडेच अडकला. सगळ्यांदेखत म्हणाली का, आत्याबाईची घडी आधी माह्या मायसारखी होती, आता सासूसारखी झाली. जुनीच लावून द्या म्हणे. मी म्हटलं, परीक्षेत जुनी कोण लावून देईल? दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी झाडू मारायच्याही आधी दारात उभी. मले पयल्यापासून शिकवा म्हणाली. आता रोज दोन वेळा येते. पोरीच्या बोटांत दम आहे, होईल तिचं.

तब्येतीला जप, आणि आत्याला विसरशील तर गाठ माझ्याशी.

तुझी इंदूआत्या


नेर, दि. १२ फेब्रुवारी २००७

चि. धम्मरत्न यास सप्रेम जय भीम.

उर्वशी पास! उकंडाभाऊ स्वतः पेढे घेऊन आले आणि लग्नाचा विषय सध्या गुंडाळला म्हणाले. जागा निघेल तेव्हा निघेल, पोरगी अर्जाला तयार आहे. तुला एक गंमत सांगायची राहिली. परीक्षा देऊन आली त्या दिवशी ती रडकुंडीला आली होती. म्हणे, आत्याबाई, तिथली घडी बिघडलेली होती, माहा उतारा सरला तरी वेळ उरलाच, आता सगळ्यांचीच परीक्षा रद्द करतीन. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, पोरी, घडी बरोबर होती.

पेढा तुझ्या वाटचा मीच खाल्ला, तरी माया कमी करू नको.

तुझी इंदूआत्या