अकरावं रीळ

अण्णा, परवा कुणीतरी मोबाइलवर तुमच्या त्या लाडक्या दिग्दर्शकाच्या उत्तम चित्रपटांची यादी पाठवली आणि मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडायला बसले. वरात चुकून भलत्याच गावात उतरते, तो तुमचा आवडता विनोदी सिनेमा यादीत कुठेच नाही. भुताचा आहे, कोर्टाचा आहे. पहिल्या नंबरावर मात्र तोच, ज्याचं नाव आपल्या घरात कुणी काढत नव्हतं.

मानवतच्या बाजारात सिनेमाचा तंबू लागायचा, तुम्ही तिथले ऑपरेटर, आणि शाळा सुटली की मी मशीनपाशी. सिनेमा हसवणारा असो की घाबरवणारा, नावांच्या पाट्या न वाचता तुम्ही त्या दिग्दर्शकाचा हात ओळखायचात. "बघ, घरात काई वाईट व्हायलंय तर ह्याचा कॅमेरा दाराभाईर थांबतो. आत जात न्हाई. लय अदब हाय ह्या माणसाला."

आई परभणीच्या दवाखान्यात बाळंतपणात गेली, तेव्हा तुम्ही मला चुडाव्याला मावशीकडे ठेवलं होतं. परत आले तर घर सारवलेलं, आईची लुगडी कुणाकुणाला देऊन झालेली. आई कुठंय म्हणून विचारलं तर तुम्ही ओरडलात, "गप बस. पुन्यांदा इचारायचं न्हाई." मी विचारलं नाही. बाळाचंही नाही.

वर्षभरानं तो सिनेमा तंबूत येतो. त्यातली बाई बाळंत होताना मरते, अकराव्या रिळात. तुम्ही ते रीळ लावतच नाही. त्याचा डबा बुडाखाली घेऊन बसता आणि दहाव्यानंतर सरळ बारावं लावता. पडद्यावर बाई खोलीत जाते आणि लगेच तिचा नवरा एकटाच पोराला शाळेत सोडताना दिसतो. लोक शिट्ट्या मारतात, "आरं, बाई कुठं गेली?" रीळ तुटकंच आलंय, असं तुम्ही मालकाला सांगता. खरं काय ते दारावर तिकिटं फाडणाऱ्या काकांना तेवढं तुम्ही सांगता. ते तुमचे जिवलग दोस्त.

तिसऱ्या दिवशी पहिल्या खेळाला मालक मशीनपाशी येऊन उभा राहिला. "उठा डब्यावरून," एवढंच म्हणाला. अकरावं रीळ लागलं. मशीनमधल्या कार्बनच्या कांड्या जळत जातात तशा हातानं पुढे सरकवाव्या लागतात, नाहीतर पडदा काळा पडतो. त्यामुळे ऑपरेटरला पडद्यावरून नजर काढता येत नाही. तुम्हाला सगळं पाहावं लागलं. आणि त्या एकाच सिनेमात तुमच्या दिग्दर्शकाचा कॅमेरा दाराबाहेर थांबला नव्हता, थेट खाटेपाशी गेला होता. दुसऱ्या दिवशी मालकानं तुम्हाला काढलं. तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागलात आणि पुन्हा कधी सिनेमा पाहिला नाहीत.

चुगली काकांनीच केली, असं तुम्ही धरून बसलात. ते दोनदा घरी आले. "आईच्यान, मी न्हाई सांगितलं," म्हणत उंबऱ्यापाशी उभे राहिले, तर तुम्ही दार लावून घेतलंत. ते वारले तेव्हा त्यांच्या मातीलासुद्धा गेला नाहीत. मी तेव्हा चांगली वीस वर्षांची होते, तोंड उघडू शकले असते. आजही कुठे थिएटरात दिवे गेले की काका मला दाराशी उभे दिसतात. नुसते माझ्याकडे बघतात. मी शेवटपर्यंत बसू शकत नाही, उठून येते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. मालकाला मी सांगितलं, अण्णा. त्यानं विचारलंही नव्हतं. आपणहून गेले आणि म्हटलं, "रीळ चांगलं हाय. अण्णा त्याच्यावर बसत्यात." तुम्ही मला आईजवळ नेलं नव्हतं, माणूस जातो म्हणजे काय होतं, ते मला एकदा बघायचं होतं. बघितलं. आणि आई गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.