प्लॅटफॉर्मच्या लांबीप्रमाणे

४ फेब्रुवारी

आपल्या लाइनची मालकी कोणाकडे असावी हे ठरवायला सरकारने समिती नेमली आहे. म्हणजे इतकी वर्षं ती कोणाची होती हे सरकारलाही धड ठाऊक नव्हतं. गाडी लेट झाली की गाडीवाले म्हणायचे रूळ आमचे नाहीत, रूळवाले म्हणायचे सिग्नल आमचे नाहीत आणि सिग्नलवाले फोनच उचलायचे नाहीत. समितीने तीन पर्याय छापलेत. एक, सरकारनेच चालवावी. दोन, कंपनीला देऊन टाकावी. तीन, लाइनवरच्या नगरपालिकांनी मिळून मंडळ काढावं. अहवाल उशीएवढा जाड. पहिलं आणि शेवटचं पान वाचलं. मधलं काय असणार ते अनुभवी माणसाला कळतं.

तिन्ही पर्याय टाकाऊ. एकातही आमच्या प्रवासी संघाचा उल्लेख नाही. मी संघाचा अध्यक्ष आहे.

संकल्प: चौथा पर्याय आपणच लिहायचा.

हिने डबा भरता भरता विचारलं की या तिन्हींपैकी कशात पहिली गाडी आपल्या स्टेशनवर थांबत राहणार आहे. हिचा सगळा जीव त्या गाडीत. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, पेशंट उपाशीपोटी रक्त द्यायला येऊन बसतात, त्यांच्याआधी पोचावं लागतं. पहिली गाडी चुकली तर दुसरी वेळेत पोचवत नाही, म्हणजे ती गाडी नाही तर नोकरी नाही. म्हटलं, अगं, हा मालकीचा प्रश्न आहे, टाइमटेबलचा नाही. मालकी जागेवर आली की गाड्या आपोआप जागेवर येतात. ती तोवर चपला घालून निघूनही गेली होती. थांबली असती तर पटलं असतं.

७ फेब्रुवारी

संघाची बैठक, वेटिंग रूममध्ये. हजर: मी, चिटणीस (स्टेशनसमोरचा केमिस्ट) आणि फोन चार्ज करायला बसलेले एक गृहस्थ. चौथा पर्याय मांडण्याचा ठराव एकमताने मंजूर. गृहस्थांनीही हात वर केला. ते आळस देत होते असं केमिस्टचं म्हणणं. मत ते मत.

१० फेब्रुवारी

लिहायला बसलो. चौथा पर्याय: रेल्वे प्रवाशांच्याच मालकीची. ज्याच्याकडे पास तो मालक. लिहिताना अंगावर काटा आला.

मग लक्षात आलं की माणशी एक मत ठेवलं तर सगळी रेल्वे टोपीच्या घशात जाणार. टोपी म्हणजे पुढच्या स्टेशनच्या प्रवासी संघाचा अध्यक्ष. सभागृहात, ऑफिसात, कुठेही टोपी काढत नाही. त्याच्या स्टेशनवर सकाळी पाय ठेवायला जागा नसते आणि आमच्याकडे बाकं रिकामी. लोकशाही चांगली गोष्ट आहे, पण मिठासारखी चवीपुरतीच टाकावी.

१२ फेब्रुवारी, सकाळी

सुचलं! दाढी करताना सुचलं, कापलंसुद्धा. मतं माणसांप्रमाणे नाहीत, प्लॅटफॉर्मच्या लांबीप्रमाणे!

एके काळी आमच्या स्टेशनातून लाकडाचे ओंडके जायचे. अख्खी मालगाडी उभी राहावी म्हणून प्लॅटफॉर्म हा एवढा लांबलचक बांधला. हल्लीची गाडी त्याच्या एका टोकाला उभी राहते, उरलेल्या भागात लोक कुत्री फिरवतात. टोपीचा प्लॅटफॉर्म इतका आखूड की शेवटचा डबा बाहेरच लोंबतो.

केमिस्टने विचारलं, यामागे तत्त्व कोणतं? केमिस्टला प्रत्येक गोष्टीत घटक वाचायची सवय. मी म्हटलं, जागेवर ज्याचा वाटा मोठा, त्याची जबाबदारीही मोठी. बोलून गेल्यावर मलाच बरं वाटलं. त्याने ते वाक्य मसुद्यात तसंच्या तसं घातलं.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून हिला स्टेशनपर्यंत सोडायला जायचं. व्यायाम होईल, प्लॅटफॉर्मही मोजून होईल.

१३ फेब्रुवारी

उठलो नाही. मेंदूवर ताण आला होता. प्लॅटफॉर्म केमिस्टने मोजला.

२० फेब्रुवारी

सुनावणी. ऐतिहासिक दिवस.

निघताना हिने दोनदा बजावलं की बाकी काय हवं ते बोला, पण एक वाक्य नक्की बोला, पहिली गाडी आमच्या स्टेशनवर थांबलीच पाहिजे. म्हटलं, बोलतो.

प्रत्येकाला पाच मिनिटं. आभार, प्रास्ताविक आणि कारभार या विषयावरचे माझे काही मूलभूत विचार यातच घंटा वाजायची वेळ आली. समितीच्या अध्यक्ष मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. प्लॅटफॉर्मची लांबी ऐकल्यावर त्यांनी डोळे उघडले. विचारलं, मतं लांबीप्रमाणे, मग खर्चाचा वाटाही लांबीप्रमाणेच ना? मी टेबलावर हात आपटून म्हटलं, अर्थात! टाळ्या पडल्या. टोपीसुद्धा टाळ्या वाजवत होता. माणूस वाटतो तितका कोत्या मनाचा नाही.

संध्याकाळी हिने विचारलं, बोललात का? म्हटलं, आशय पोचला.

१६ मार्च

चौथा पर्याय मंजूर! अहवालात माझं नाव नाही, 'एका प्रवाशाची सूचना' असं छापलंय. मोठी कामं निनावीच होतात.

केमिस्ट म्हणाला की आश्चर्य कसलं, सरकारला मालकी नको होती, कंपनीला तोटा नको होता, नगरपालिकांना शिव्या नको होत्या आणि प्रवाशांना या तिन्हींची सवय आहे. त्याचा स्वभावच कडवट. दिवसभर औषधांत बसून होतं असं.

९ एप्रिल

संचालक झालो. आमच्या स्टेशनातून एकच अर्ज आला होता, त्यामुळे चुरस जाणवली नाही. संचालक मंडळात सगळ्यात जास्त मतं माझी, म्हणून खुर्ची थेट अध्यक्ष मॅडमच्या शेजारी (समितीच्याच मॅडम आता मंडळाच्याही अध्यक्ष). टोपीने स्वतः खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला की तुम्ही आमचे मोठे भाऊ. मला भरून आलं.

व्हिजिटिंग कार्डं छापली. पहिलं हिला दिलं. तिने मागच्या कोऱ्या बाजूवर किराणा लिहिला.

संकल्प: उद्यापासून हिच्याआधी उठून चहा करायचा. मालकाने कष्टकरी प्रवाशांचं जगणं जवळून पाहिलं पाहिजे.

१० एप्रिल

अलार्म झाला असावा. ही म्हणते दोनदा झाला.

७ मे

स्टेशनांना वाट्याची बिलं आली. आमचं सगळ्यात मोठं. साहजिक आहे, मोठ्या घराला मोठं बिल. टोपीचं बिल बघितलं, कीव आली.

केमिस्टने हिशेब मांडला. आमच्या मूठभर पासवाल्यांनी हे भरायचं तर एकेकाचा अर्धा पगार जाईल. त्याने उपायही काढून आणला होता. प्लॅटफॉर्मचा वापरात नसलेला भाग तोडून टाकू या, लांबी कमी, बिल कमी. मी विचारलं, आणि मतं? म्हणाला, तीही कमी. मी त्याला शांतपणे समजावलं की भाडं परवडत नाही म्हणून कोणी सिंहासन विकत नाही. त्यावर त्याने चिटणीसपदाचा राजीनामा दिला. चिल्लर कारणावरून माणसं दुखावतात.

८ मे

केमिस्ट हिच्याकडे गेला होता वाटतं. हिने सकाळीच विषय काढला. म्हणाली, अहो, तोडा ना तो प्लॅटफॉर्म, मला चढायला एका दारापुरती जागा बास आहे. म्हटलं, तुला एका दारापुरतं दिसतं, मला पूर्ण लाइन दिसते. मग म्हणाली की एकवीस वर्षं झाली या नोकरीला, माझ्यासाठी एवढं करा. आवाज जरा वेगळाच होता. थकली असेल. उन्हाळा आहे.

मी म्हटलं, बघतो. बघतोय.

४ जून, दुपारी

मंडळाची बैठक. टोपीने खालच्या आवाजात ठराव मांडला: जी स्टेशनं आपला वाटा भरणार नाहीत, तिथे पुढचं वर्षभर गाड्या थांबणार नाहीत. मी मनात म्हटलं, हा गडी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतोय. सगळ्या लाइनवर भिकारडं स्टेशन कोणाचं? ना शेड, ना बाकं. अनुमोदन द्यायला मीच उठलो. फुकट्यांचे लाड आता बंद, या विषयावर असा काही बोललो की चहावाला किटली घेऊन दारातच थांबला. विरोधातही बरेच हात होते, पण माझ्या मतांवर ठराव पास झाला. मत म्हणजे काय चीज असते ते आज कळलं असेल सगळ्यांना.

मग अकाउंटंटने वाटा न भरलेल्या स्टेशनांची नावं वाचली. एकच नाव वाचलं. आमचं. मला वाटलं हजेरी घेतोय. मी म्हटलं, हजर.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

४ जून, संध्याकाळी

मी लगेच फेरविचाराची मागणी केली होती, हे नोंदवून ठेवतो. अध्यक्ष मॅडमनी नियम दाखवला की एकदा झालेला ठराव वर्षभर उकरता येत नाही. नियम माझाच. टोपीला बांधून ठेवायला मीच तो घालायला लावला होता.

हिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

५ जून

तिकीट खिडकीवर नोटीस लागली होती, हिने तिथेच वाचली. घरी आल्यावर पर्स खांद्यालाच ठेवून विचारलं, ठरावाच्या बाजूने कोण कोण होतं? म्हटलं, बरेच जण. तुम्ही? म्हटलं, मतदान गुप्त असतं. हात वर करून केलेलं गुप्त कसं, असं तिने विचारलं. मी हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा ती ओट्यापाशी तशीच उभी होती. भांडली असती तर मला दोन मुद्दे मांडता आले असते.

संकल्प: गाडी थांबेनाशी झाली की रोज स्कूटरवरून हिला हॉस्पिटलात सोडायचं. नवरा म्हणून आणि संचालक म्हणूनही.

१७ जून

आजपासून गाडी थांबत नाही. स्कूटरवरून सोडलं. वाऱ्याने कान दुखतायत. वाटेत पेट्रोल संपलं, ती रिक्षाने पुढे गेली. रक्त द्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यांना चक्कर आली म्हणे. आता माणसं उपाशी बसली यात रेल्वेच्या कारभाराचा काय दोष?

१९ जून

स्कूटर गॅरेजमध्ये. माझी कंबर घरी. पहिली बस हॉस्पिटलात पोचेपर्यंत लॅबची निम्मी सकाळ संपते. हिला वरून मेमो मिळाला. उशिराचा. एकवीस वर्षांत पहिला.

२२ जून

ही धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. मेहुणीचं घर हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत आहे. म्हणाली, तूर्त काही दिवस. दोन बॅगा नेल्या. काही दिवसांना दोन बॅगा कशाला, असं मी विचारलं नाही. फ्रीजवर चिठ्ठी लावून गेली आहे: कुकरच्या तीन शिट्ट्या, दूधवाल्याला सांगितलंय, गोळी जेवणानंतर.

घरात शांतता आहे. वाचन करता येईल.

२९ जून

वाचन झालं नाही. घर खायला उठतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसतो आणि चुकतो.

निर्णय घेतला. प्लॅटफॉर्म तोडायचा अर्ज करतो. मतं गेली तर गेली, शेवटच्या रांगेत बसवलं तरी चालेल. बिल कमी झालं की भरता येईल आणि ठरावाला वर्ष झालं की गाडी पुन्हा थांबेल. केमिस्टच्या दुकानात जाऊन त्यालाही सांगितलं. त्याने मान डोलावली आणि कंबरेला लावायचं मलम दिलं. हिला मात्र फोनवर सांगायचं नाही. समोर बसून सांगायचं, म्हणजे तिचा चेहरा बघता येईल.

६ जुलै, रविवार

मेहुणीकडे गेलो. दोन बस बदलून. कंडक्टरला संचालकाचा पास दाखवला. तो म्हणाला, काका, हा रेल्वेचा आहे. तिकीट काढलं.

मेहुणीने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. ही झोपली होती. सकाळचे दहा वाजून गेले होते, मला वाटलं आजारी आहे. तर मेहुणी म्हणाली, भाऊजी, उठवू नका हां, ताई आता रोज उजाडल्यावर उठते, सुट्टीला अशी झोपते, किती वर्षांनी झोपतेय बिचारी. म्हटलं, उठवत नाही, नुसतं बघतो. दारातून बघितलं. एका कुशीवर, हात गालाखाली. घरी मी तिला झोपलेली कधी पाहिलीच नाही. रात्री मी आधी झोपायचो आणि सकाळी मी उठायच्या आत ती उठून कामाला लागलेली असायची.

मेहुणीने चहा दिला. मी तिला अर्जाचं सांगितलं, वर्षभराने गाडी थांबेल म्हटलं. ती जरा घुटमळली. मग म्हणाली की ताई म्हणत होती, गाडी सुरू झाली तरी आता इथूनच बरं पडेल. तुम्हाला ती स्वतःच सांगणार होती, असंही म्हणाली. चहा चांगला होता. कप विसळून ठेवला. ती उठायच्या आत निघालो.

बसमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? म्हटलं, नाही, बरं वाटत नाहीये.