कामाचा हात

४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. अप्पांचा डावा हात माझ्यामुळे अधू झाला.

मूत्रपिंडं निकामी झाल्यावर एप्रिलमध्ये दवाखान्यात डॉक्टर, नर्स आणि आहार सांगणाऱ्या बाई असे सगळे आम्हाला घेऊन बसले होते. मार्ग दोन होते. आठवड्यातून तीनदा तिथे जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं, नाहीतर पोटात नळी बसवून घरीच, रोज चार वेळा, आपल्या हातांनी करायचं. चित्रांचा कागद त्यांनी अप्पांसमोर ठेवला. तुमचा दिवस कसा जातो, कशावाचून तुमचं अडेल, हे त्यांनाच विचारलं. उत्तरं मात्र मी दिली. अर्ध्या दिवसाची रजा, डोळा घड्याळावर. घरी जंतू शिरतील, यंत्रच बरं, हे मीच ठरवून टाकलं. त्यासाठी कमी वापरातल्या हातातल्या रक्तवाहिन्या जोडतात, म्हणून नर्सनं विचारलं, कामाचा हात कोणता? मी पटकन उजवा म्हणून मोकळी झाले. जेवतात उजव्यानं, सही उजव्यानं. मग शस्त्रक्रिया डाव्या हातावर झाली.

आता ती बोटं गार पडतात, बधिर होतात. रविवारी अप्पा एक जाड शब्दकोश शिवायला बसले, तर सुई तीनदा गळून पडली. तेव्हा पाहिलं, सुई डाव्या हातात होती. आत्या, त्या बाइंडिंगच्या दुकानात खळीच्या वासात मी लहानाची मोठी झाले, आणि बाप कोणत्या हातानं शिवतो हे मला ठाऊक नव्हतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तुझी,
ठकू

११ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

गार बोटांचं आजच्या आज दवाखान्यात कळव म्हणून पत्र वाचल्या वाचल्या तुला फोनवर झापलंच आहे. कळवलंस, बरं केलंस. उरलेलं कागदावर.

आमचा धाकटा, म्हणजे तुझा बाप, जन्माचा डावखुरा. शाळेत त्यासाठी मार खायचा, म्हणून घरच्यांनी मला राखणीला बसवलं. मी अकरा वर्षांची, तो सहाचा. अभ्यासाला बसला की त्याचा डावा हात मी रिबिनीनं खुर्चीला बांधायची. रडायचा, तरी सोडायची नाही. मला शाबासकी मिळायची ना! चारचौघांत उजवा पुढे करायला त्याला मीच शिकवलं. तेव्हा सगळं पाप एकटीच्या पदरात घेऊ नकोस, माझाही वाटा ठेव.

आणि तू! शेजारणीच्या मुलाची तोंडी परीक्षा चालू असताना दारातून उत्तरं देणारी कार्टी. पुढच्या बैठकीत जिभेला लगाम घाल. त्याला बोलायला वेळ लागतो, लागू दे.

जेवणखाण सोडून रडत बसू नकोस, एवढं या म्हातारीचं ऐक.
तुझी,
आत्या

२ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

रिबिनीचं अजून मनात धरून बसली आहेस, हे ठकूकडून कळलं. मी कधीच विसरलो. खोटं कशाला बोलू, विसरलो नाही. पण राग नाही.

परवा पुन्हा बैठक झाली. ठकू तोंडावर हात ठेवून बसली होती. डॉक्टरांना वाटलं, हिची दाढ दुखतेय. हातातला जोड बंद करता येईल, पण बोटांत किती जोर परत येईल ते सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी तो चित्रांचा कागद पुन्हा पुन्हा बघत बसलो. कोणी घाई केली नाही. मग म्हणालो, जोड काढा, पोटाची नळी बसवा. दिवसातून चारदा काम थांबवीन, पण दुकानात बसेन. ठकूनं मला विचारलं, की मी बोलू का? जंतूंची तिची भीती खरीच होती, नर्सनंही दुजोरा दिला. तेव्हा दुकानामागची खोली रंगवून स्वच्छ ठेवायची आणि नर्स शिकवील ते दोघांनी शिकायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. तोवर काही आठवडे मानेजवळ तात्पुरती नळी घालून यंत्रावर भागवायचं.

आता खरं ते सांगतो. एप्रिलमध्ये ठकू उजवा म्हणाली, तेव्हा नर्सनं वळून मलाही विचारलं होतं. ठकू घड्याळ बघत होती. मी मान डोलावली. इतकी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आयुष्यात मला कोणी इतकं विचारलं नव्हतं, भीती वाटली. पोरीनं ठरवलं तर चूकही तिचीच होईल, असं मनात येऊन गेलं. आणि मग तिला कुढताना बघत राहिलो. हे तिला तोंडानं सांगणं मला जमणार नाही. म्हणून हे पत्र पेटीत टाकायला तिच्याच हाती देतोय, पाकीट न चिकटवता.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
धाकटा

ता. क. आत्या, पाकीट मी चिकटवलं. ठकू